रात्रीचं दूध आणि बापाची झोप
तान्हं बाळ रात्री दर दोन-तीन तासांनी उठणारच. पोट एवढंसं, आईचं दूध पचतंही लवकर. पण "त्याला सकाळी कामावर जायचंय" म्हणत सासूबाई लेकाचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालतात. सुनेला सकाळी जणू कामच नसतं! सूरह बकराच्या 233व्या आयतीतली दूध पाजण्याची दोन वर्षं आपल्या घरांत सगळ्यांना पाठ असतात. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर आहे, आणि दूध तोडायचं तर दोघांनी मिळून ठरवायचं, असंही आहे. ते कुणी सुनेला सांगत नाही, मुलाला तर नाहीच. पाजणं बापाला जमणार नाही, कबूल. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरवणं जमतं. रमजानमध्ये महिनाभर सहरीला उठतोच की.