कुलूपबंद चित्रपुस्तके आणि आपण

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे छप्पर गळू लागले आणि बालविभागाचे कपाट घाईघाईने मोकळे करावे लागले. या कपाटासमोर बसून मी वर्षानुवर्षे वृत्तपत्रे वाचीत आलो. परंतु आत काय आहे, याची चौकशी करावी असे मला कधी वाटले नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे. त्या दिवशी टेबलावर रचलेली पुस्तके मी चाळली. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके होती, नॅशनल बुक ट्रस्टची होती, सोविएत संघातून मराठीत अनुवादित होऊन आलेली जुनी पुस्तकेही होती. कित्येकांची पाने दमटपणाने एकमेकांना चिकटली होती. ती कोणी उघडलीच नव्हती.

छप्पर दुरुस्त करणाऱ्या मजुराची सहा-सात वर्षांची मुलगी तेथेच बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिने एक पुस्तक उघडले आणि चित्रांवरून धाकट्या भावाला गोष्ट सांगू लागली. शेवटचे पान आले तेव्हा ती पुन्हा पहिल्या पानाकडे वळली आणि या खेपेस तिने गोष्ट निराळी सांगितली. संध्याकाळी बापाने पुस्तक पालावर नेण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्याच्याकडे अनामत रक्कम व पत्त्याचा पुरावा मागण्यात आला. छप्पर दुरुस्त झाले. पुस्तके पुन्हा कुलपात गेली.

या कुलपाच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद केले जातात. पहिला असा की, मुले पुस्तके फाडतात. माग झिजतो म्हणून कोणी गिरणीमालक तो बंद ठेवतो काय? पन्नास मुलांच्या हाती फिरून फाटलेले पुस्तक हा रास्त घसारा होय. न उघडता पिवळे पडलेले पुस्तक ही सार्वजनिक पैशाची उधळपट्टी होय. परंतु दप्तरी फाटलेल्या प्रतीचा जाब विचारला जातो, न वाचलेल्या प्रतीचा नाही.

दुसरा युक्तिवाद पैशाचा. मद्रास प्रांताने १९४८ साली व कर्नाटकाने १९६५ साली कायद्यानेच ग्रंथालय उपकराची तरतूद केली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने उपकर टाळला आणि वाचनालयांना अनुदानाच्या तोंडाकडे पाहत बसविले. रंगीत छपाई महाग, म्हणून पुस्तक महाग. पुस्तक महाग, म्हणून खप थोडा. खप थोडा, म्हणून छपाई पुन्हा महाग. हे चक्र व्यक्तिगत खरेदीने तुटणारे नाही. राज्यात शासनमान्य ग्रंथालये सुमारे अकरा हजार आहेत. प्रत्येकाने एका चांगल्या चित्रपुस्तकाची एकच प्रत घेतली, तरी अकरा हजारांची आवृत्ती निघते व प्रतीमागचा खर्च खाली येतो. सामुदायिक खरेदीचे हे साधे गणित शासनाला समजत नाही असे नव्हे. ते करण्याची त्याला निकड वाटत नाही.

तिसरा युक्तिवाद आपल्याच छावणीतून येतो: आधी भाकरी, मग चित्रे. हा क्रम गरिबाच्या मुलालाच का लागू करावा? सुखवस्तू घरातील मूल दोन्ही एकाच दिवशी मिळवते. सोविएत राजवटीच्या दडपशाहीशी आपले मतभेद मूलभूत होते व आहेत. तथापि स्वस्त आणि देखणे चित्रपुस्तक सामान्य मुलाच्या हाती देणे ही चैन नव्हे, हे तिला उमगले होते. लोकशाही समाजवाद्यांना ते उमगू नये, ही खेदाची गोष्ट आहे. ‘शिक्षण सर्वांना’ ही घोषणा आपण आयुष्यभर दिली, आणि आपल्याच वाचनालयातील कपाटाला कुलूप आहे हे पाहिले नाही.

म्हणून साथींना विनंती अशी: ठराव मागाहून करू. प्रथम आपापल्या गावच्या वाचनालयात जा, सभासद व्हा, सर्वसाधारण सभेत उभे राहा. बालविभाग खुला असावा, पुस्तके मुलांच्या हाताच्या उंचीवर असावीत, बालसभासदाकडून अनामत वा पत्ता मागू नये, फाटलेल्या पुस्तकासाठी अंदाजपत्रकात तरतूद असावी, या चार मागण्या मांडा. पहिल्या तिन्हींना पैसा लागत नाही. उपकराचा लढा विधिमंडळाच्या दारी लढावा लागेल. कुलपाची किल्ली मात्र गावातच आहे.

ती मुलगी आज कोणत्या गावी आहे, मला ठाऊक नाही. जेथे असेल तेथील कपाट तरी उघडे असावे.