परत आलेला विजेता

१६ नोव्हेंबर २०२४ च्या सकाळी आमच्या वसतिगृहातील एका खोलीत एका मोबाईलभोवती दहा-अकरा डोकी गोळा झाली होती. तिकडे अमेरिकेत ५८ वर्षांचा माईक टायसन आपल्याहून ३१ वर्षांनी लहान असलेल्या जेक पॉलसमोर उभा होता. टायसन २००५ सालीच निवृत्त झालेला. आठ फेऱ्या कशाबशा संपल्या, तो गुणांवर हरला आणि खोलीत एकच सूर निघाला : "म्हाताऱ्याने होते-नव्हते ते नाव घालवले!"

माझा खोलीमित्र धारवाडकडचा. तो क्रिकेटचा भक्त. म्हणाला, "गावसकर बघ. १९८७ च्या मार्चमध्ये आमच्या बंगळूरला, चेंडू हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध ९६ धावा केल्या आणि पुन्हा कसोटीत उतरला नाही. याला म्हणतात थांबणे!" तो सामना आपण १६ धावांनी हरलो, पण त्या खेळीचे नाव अजून निघते, हे खरेच. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते आता देतो आहे. उशिराबद्दल मित्राने क्षमा करावी.

या वादात सर्वात आधी नाव येते ते महंमद अलीचे. सप्टेंबर १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सला हरवून त्याने तिसऱ्यांदा जगज्जेतेपद मिळवले आणि १९७९ मध्ये निवृत्ती जाहीर केली. जानेवारी १९८० मध्ये तो भारतात आला तेव्हा निवृत्तच होता. दिल्लीत आपल्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळला. तेथेच थांबला असता तर चित्र पूर्ण झाले असते, असे सगळे म्हणतात. पण त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लास व्हेगासमध्ये तो लॅरी होम्ससमोर उतरला. होम्स हा एकेकाळी त्याच्याच सरावातला जोडीदार. दहा फेऱ्या अलीने नुसता मार खाल्ला. शेवटी त्याचा गुरू अँजेलो डंडी याने लढत थांबवली. कारकीर्दीतील ६१ लढतींत अलीची लढत अशी थांबवावी लागली ती एवढी एकदाच. तरी डिसेंबर १९८१ मध्ये तो बहामात पुन्हा लढला आणि ट्रेव्हर बर्बिककडून हरला. १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले.

आता मी विचारतो, यात कीर्ती नेमकी कोठे गेली? १९७४ साली किन्शासात त्याने फोरमनला लोळवले, ती रात्र होम्सला हिसकावून घेता आली का? १९६७ साली व्हिएतनाम युद्धात जाण्यास नकार देऊन त्याने ऐन उमेदीची साडेतीन वर्षे गमावली, ते धैर्य बर्बिकने खोटे ठरवले का? १९९६ मध्ये अटलांटात थरथरत्या हाताने त्याने ऑलिंपिकची ज्योत पेटवली, तेव्हा होम्सची लढत कोणाला आठवली? कीर्ती म्हणजे पतपेढीतले खाते नव्हे, की उतारवयात रक्कम काढली म्हणून शिल्लक घटावी.

गेले ते शरीर. डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्याला थांबण्यास सांगितले होते; त्याने ऐकले नाही, म्हणून १९७७ सालीच ते त्याच्या पथकातून बाहेर पडले. नेव्हाडाच्या मंडळाने मात्र १९८० मध्ये लढण्याचा परवाना दिला, आणि तिकिटेही खपली. "त्याला थांबवायला हवे होते" हे मलाही मान्य आहे. पण ते त्याच्या मेंदूसाठी. आपल्या मनातली तसबीर फुटू नये म्हणून नव्हे! आपण हळहळतो ती बहुधा या तसबिरीसाठी आणि तिलाच कीर्ती म्हणतो.

शिवाय थांबण्याचा उपदेश पोट भरलेल्याने करावा. जो लुईने १९४२ मध्ये दोन लढतींची कमाई लष्कर आणि नौदलाच्या मदतनिधीला दिली. १९४९ मध्ये तो जगज्जेता असतानाच निवृत्त झाला आणि १९५० मध्ये आयकराच्या थकबाकीपायी परत आला. १९५१ मध्ये मार्सियानोने त्याला दोरांबाहेर फेकले. त्यात लुईची लाज ती काय? उलट जॉर्ज फोरमन १९८७ मध्ये परतला तेव्हा लोक हसले आणि १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी जगज्जेता झाला तेव्हा त्यांनीच टाळ्या वाजवल्या. निकाल पाहून शहाणपण ठरवण्याची ही तऱ्हा परीक्षेनंतर उत्तरे सांगणाऱ्यांसारखीच आहे.

आपल्या मुलखात हा वाद जुन्या पिढीने बालगंधर्वांवरून घातला. १९३५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटात ते एकनाथ झाले, पण पडद्यावर रमले नाहीत. रंगभूमीवर परतून पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीभूमिका करीत राहिले. पाहणारे हळहळले. आज त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना त्या हळहळीची आठवणही होत नाही.

हे सारे मी पुस्तकी बोलत नाही. मी तेरेखोलचा. माझे थोरले मामा दशावतारात राक्षसाची कामे करीत. गुडघे गेले तेव्हा त्यांनी तोंडाचा रंग पुसला तो कायमचा, असे आम्ही समजलो. चार वर्षांनी मंडळीतला एक नट आजारी पडला आणि मामांनी पुन्हा रंग लावला. रेडीच्या जत्रेत युद्धाच्या गिरकीत ते पडले. पोरे हसली. मी बारावीत होतो, बरोबर मित्र होते. मी मागच्या मागे निघून आलो. मामा तेच वाक्य पडल्या जागी बसून बोलले आणि पुढचा प्रवेश त्यांनी उभ्याने केला, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळले.

परवा नाताळच्या सुटीत केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत आम्ही दोघे उभे होतो. टायसनची गोष्ट सांगता सांगता मी त्या रात्रीचा विषय काढला. मामा नदीकडे बघत म्हणाले, "लाज तुका वाटली, माका नाय."

त्यांना यंदाही बोलावणे आले आहे. नावाची गोष्ट मी आता काढत नाही. गुडघ्यांवरून मात्र आमचे भांडण चालूच आहे.