मायलेजवाले टायर घेतले आणि मायलेजच घटलं! असं का होतं?

२०२५ च्या जूनमध्ये मी गाडीचे चारही टायर बदलले. "हे मायलेजवाले घ्या, पेट्रोल वाचेल," दुकानदार म्हणाला. कॅटलॉगवर मोठ्या अक्षरात छापलेलं '२० टक्के कमी रोलिंग रेझिस्टन्स' हे वाक्यही त्याने बोट ठेवून दाखवलं. साध्या टायरपेक्षा चार मिळून ४ हजार रुपये जास्त गेले, पण मी खूश होतो. जुन्या टायरवर माझी पेट्रोल हॅचबॅक लिटरला १६.२ किलोमीटर द्यायची. २० टक्के म्हणजे १९ च्या वर, असा हिशोब मी मनात करूनही टाकला.

पहिल्या तीन टाक्यांची सरासरी आली १५.६.

पहिला विचार अर्थातच 'फसवलं' हाच आला. मग वाचत गेलो, मोजत गेलो, गाडी चालवणाऱ्या चार लोकांशी बोललो. तेव्हा कळलं की कॅटलॉग खोटं बोलत नव्हतं आणि माझी टाकीही खोटं बोलत नव्हती. चुकत होता तो माझा हिशोब.

हा विषय आत्ताच का, तेही सांगतो. ई-२० पेट्रोल आल्यापासून मायलेज हा घराघरातला वाद झालाय. सरकारनेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की ई-१० साठी बनवलेल्या आणि ई-२० साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांचं मायलेज १ ते २ टक्के, आणि इतर गाड्यांचं ३ ते ६ टक्के कमी होऊ शकतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. (मी जूनमध्येच घेऊन बसलो होतो, काय करणार!) मायलेज घटलंय आणि टायर स्वस्त झालेत, म्हणजे 'इंधन वाचवणारा टायर' विकायला याहून चांगली वेळ नाही.

टायर पेट्रोल खातो म्हणजे काय?

टायर रस्त्याला टेकतो तिथे गाडीच्या वजनाने चपटा होतो आणि पुढे गेला की परत गोल होतो. ताशी ६० च्या वेगात साध्या हॅचबॅकचं चाक सेकंदाला साधारण ९ वेळा फिरतं. म्हणजे रबराचा प्रत्येक भाग सेकंदाला ९ वेळा दबतो आणि सुटतो. दाबताना जेवढी ऊर्जा लागते तेवढी सगळी परत मिळत नाही, थोडी उष्णता होऊन उडून जाते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून बघा, गरम लागतो. ती गरमी तुमच्या पेट्रोलचीच आहे. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात.

पण इंजिनमधली उष्णता, हवेचा विरोध, सिग्नलला ब्रेक मारणं, एसी या सगळ्यांचाही टाकीत वाटा असतो. त्यामुळे टायरचा विरोध १० टक्के कमी झाला, तर इंधन वाचतं फक्त १ ते २ टक्के. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २००६ च्या अहवालातलं हे गणित आजही वापरलं जातं. म्हणजे कॅटलॉगवरचे २० टक्के माझ्या टाकीत आले की उरतात २ ते ४. सोळाचे एकोणीस नाही, फार तर साडेसोळा-पावणेसतरा.

ठीक आहे, साडेसोळा. पण मग १५.६ कसे?

घासलेला टायर मायलेज 'दाखवतो'

इथे दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही दुकानात कोणी सांगत नाही.

पहिली म्हणजे मीटरची गंमत. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. माझ्या जुन्या टायरवर जेमतेम २ उरली होती, म्हणजे चाकाची त्रिज्या ६ मिलिमीटरने कमी झाली होती. माझ्या मापाच्या टायरची त्रिज्या ३१० मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे जवळपास २ टक्के फरक. छोटं चाक तेवढ्याच रस्त्यासाठी जास्त वेळा फिरतं, आणि गाडीचं मीटर चाकाचे फेरे मोजतं, रस्ता नाही. ९८ किलोमीटर गेलो तरी ते १०० दाखवायचं. माझ्या १६.२ मधलं ०.३ असं हवेतलं होतं.

दुसरी म्हणजे रबराची जाडी. दबायला रबर कमी, म्हणजे उष्णताही कमी. पूर्ण घासलेल्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स तोच टायर नवा असतानापेक्षा २० टक्क्यांपर्यंत कमी असू शकतो. कॅटलॉगमधली तुलना नव्या टायरची नव्या टायरशी असते. मी मात्र नव्याची तुलना घासलेल्याशी करत होतो. त्यात जून, म्हणजे ओला रस्ता, एसी आणि पावसातलं पुण्याचं ट्रॅफिक.

थोडक्यात, गुळगुळीत टायर मायलेजच्या बाबतीत 'बेस्ट' असतो. पण म्हणून कोणी गुळगुळीत टायरवर फिरावं का? याचं उत्तर मला पुढच्याच महिन्यात मिळालं.

नवले पुलाच्या उतारावर

माझा मामेभाऊ कॅब चालवतो. त्याला मी दादा म्हणतो. माझी टायरची कहाणी ऐकून तो हसला. "अरे, मी पण मायलेजचेच टायर टाकलेत. साठ-सत्तर हजार चालतात, काय काळजी नाही."

त्याचं 'मायलेज' वेगळं आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. टायरच्या दुकानात या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपण विचारतो, लिटरला किती? कॅबवाला, टेम्पोवाला विचारतो, टायर किती किलोमीटर चालेल? दुकानदार दोघांनाही 'हो' म्हणतो आणि दोघांनाही एकच टायर दाखवू शकतो.

जुलैत आम्ही दोघं साताऱ्याहून येत होतो. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलाकडे जो लांब उतार लागतो, तो पुणेकरांना सांगायला नको. भुरभुर पाऊस होता. पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक दाबला, दादानेही दाबला. पायाखाली एबीएसची थरथर, खर्रर्र आवाज, आणि गाडी सरकतेच आहे. थांबलो तेव्हा टेम्पोचं मागचं फाळकं बॉनेटपासून हातभर लांब होतं. दोघंही मिनिटभर काही बोललो नाही. मग दादा म्हणाला, "टायर कडक आहे रे. कोरड्यात कळत नाही."

एबीएस काम करत होतं. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच, पकड ते निर्माण करू शकत नाही. पकड देतं रबर.

एक ओढलं की दुसरं सुटतं

टायर बनवणाऱ्यांपुढे तीन मागण्या असतात: इंधन कमी खा, ओल्या रस्त्याला धरून ठेव, जास्त टिक. एक ओढली की दुसरी सुटते. उष्णता वाया न घालवणारं रबर विरोध कमी करतं, पण पकडीसाठी रबराने रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरून ऊर्जा खाणंच गरजेचं असतं.

यातून वाट निघाली ती सिलिकामुळे. टायर काळा दिसतो तो कार्बन ब्लॅकमुळे. त्यातल्या बऱ्याच भागाऐवजी सिलिका वापरली, तर चाक फिरताना होणाऱ्या संथ दबण्या-सुटण्यात उष्णता कमी होते. रस्त्याच्या कणांवर होणाऱ्या अतिवेगवान थरथरीत मात्र रबर हवी तेवढी ऊर्जा खातं. मिशेलिनने १९९२ मध्ये असा 'ग्रीन टायर' बाजारात आणला आणि नंतर सगळ्या मोठ्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. म्हणजे कमी इंधन आणि ओली पकड एकत्र मिळू शकतात. पण हे महाग काम आहे. म्हणून दोन्ही मिळतायत की एकाच्या बदल्यात दुसरं गेलंय, हे विचारणं आपलं काम.

मग विचारायचं कोणाला?

आपल्याकडे खरी अडचण इथे आहे. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर लेबल असतं: इंधन, ओली पकड आणि आवाज. मे २०२१ पासून इंधन आणि ओल्या पकडीसाठी 'ए' ते 'ई' अशा श्रेणी आहेत, आणि क्यूआर कोडही आहे. फोन धरला की माहिती समोर.

भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये नियम आणले. रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा ठरल्या. ऑक्टोबर २०२२ पासून नव्या डिझाइनच्या टायरना आणि २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने आधीच्या डिझाइनना त्या लागू झाल्या. पाऊल चांगलंच आहे, पण ते पास-नापास आहे. ३५ मार्कांनी पास झालेला आणि ९० मार्कांनी पास झालेला, दुकानाच्या रॅकवर दोघं सारखेच दिसतात. फ्रिजवर स्टार देणाऱ्या बीईईने टायरसाठीही स्टार लेबल आणलंय, पण ते इंधन कार्यक्षमतेबद्दल बोलतं. नवले पुलाच्या उतारावर ते स्टार मोजून उपयोग नाही. ओल्या पकडीची श्रेणीही ग्राहकाला दिसेल अशी छापली जायला हवी. साडेतीनशे रुपयांच्या एलईडी बल्बवर आपण स्टार बघतो आणि जीव ज्यावर टेकलाय त्या टायरवर फक्त किंमत, हे पटत नाही.

पैशाचा खरा हिशोब

महिन्याला १,००० किलोमीटर, लिटरला १६, पेट्रोल १०४ रुपये धरू. वर्षाला ७५० लिटर, म्हणजे ७८ हजार रुपये. टायरने ३ टक्के वाचवले तर साधारण २,३४० रुपये. माझे जास्तीचे ४ हजार वीस-एकवीस महिन्यांत सुटतील. महिन्याला ५०० किलोमीटरच चालवणाऱ्याला साडेतीन वर्षं लागतील. म्हणजे बचत खरी आहे, पण छोटी आहे. एका टाकीत ती दिसणारच नाही, कारण एका टाकीत ट्रॅफिकच तिच्यापेक्षा जास्त वर-खाली करतं.

ईव्ही असेल तर मात्र जास्त जपा. मोटरमध्ये ऊर्जा फार वाया जात नाही, त्यामुळे एकूण खर्चात टायरचा वाटा मोठा होतो. माझ्या एका मैत्रिणीने दिसायला भारी म्हणून रुंद टायर टाकले आणि तिची रेंज २६० वरून २४० च्या आसपास आली. गाडी तीच, बॅटरी तीच.

टायर घेण्याआधी आणि घेतल्यावर

१. 'मायलेज' म्हणजे पेट्रोलचं की टायरच्या आयुष्याचं, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा.

२. तोच टायर युरोपात त्याच नावाने आणि मापाने मिळत असेल तर तिथलं लेबल फोनवर शोधा. आधी ओली पकड बघा, मग इंधन. भारतातल्या टायरचं रबर वेगळं असू शकतं, त्यामुळे याकडे अंदाज म्हणूनच बघा.

३. कंपनीने दिलेलं माप बदलू नका.

४. टायरवरच्या चार आकड्यांतून वय कळतं. ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा.

५. मायलेज टाकी फुल ते टाकी फुल असं, किमान पाच टाक्यांचं काढा. हायवेवर फोनच्या जीपीएसशी मीटर एकदा ताडून बघा.

६. हवा! दर १ पीएसआय कमी हवेला साधारण ०.२ टक्के मायलेज जातं. दादाच्या टायरमध्ये ८ पीएसआय कमी निघाली, म्हणजे दीड टक्क्याहून जास्त. महागड्या टायरची निम्मी बचत पंपावर पाच मिनिटांत मिळते. गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा.

७. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला. पावसाळ्यात त्याच्या बरंच आधी बदला.

पाच टाक्यांनंतर माझी सरासरी १५.९ वर आली. मीटर आता रस्ता जास्त खरा मोजतंय, म्हणजे मी जवळपास जुन्याच जागी आहे, फक्त चांगल्या नक्षीवर. दादाने दिवाळीच्या आत टायर बदलले. या वेळी दुकानात त्याने मायलेज विचारलंच नाही. विचारलं, "पावसात थांबते का गाडी?"