नासपतीच्या झाडावर तितर कशाला?

लखनऊच्या हजरतगंजात २५ डिसेंबरच्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. सेंट जोसेफ कॅथेड्रलची रोषणाई पाहायला सगळ्या धर्मांची माणसं मुलाबाळांसह येतात. त्याच सुमारास फोनवर एक संदेशही फिरू लागतो: ‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ या गाण्यामागचा गुप्त अर्थ!

गाणं अनेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. नाताळच्या बारा दिवसांत प्रिय माणूस रोज भेटी पाठवतो. पहिल्या दिवशी नासपतीच्या झाडावरचा तितर, दुसऱ्या दिवशी दोन पारवे आणि पुन्हा तो तितर, तिसऱ्या दिवशी तीन फ्रेंच कोंबड्या आणि आधीचं सगळं. अशी यादी वाढतच जाते.

संदेश सांगतो की इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथावर बंदी होती, तेव्हा मुलांना धर्म शिकवण्यासाठी हे सांकेतिक गाणं रचलं गेलं. तितर म्हणजे येशू, दोन पारवे म्हणजे जुना आणि नवा करार, तीन कोंबड्या म्हणजे श्रद्धा, आशा आणि प्रीती, दहा नाचणारे सरदार म्हणजे दहा आज्ञा.

ऐकायला छान आहे, पण जरा थांबून विचार करू. दोन करार, चार शुभवर्तमानं, दहा आज्ञा हे सारं इंग्लंडचं सरकारमान्य चर्चही उघडपणे शिकवत होतं. मग लपवायचं काय होतं? त्या काळातला एकही पुरावा या गोष्टीला मिळालेला नाही. ती पसरली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

मग खरं काय? हे गाणं लंडनमध्ये १७८०च्या सुमारास ‘मर्थ विदाउट मिस्चिफ’ नावाच्या मुलांच्या पुस्तकात छापलं गेलं. तिथे ते स्मरणशक्तीच्या खेळासारखं आहे. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने तेच म्हणून पुढची ओळ जोडायची. जो चुकेल त्याला दंड!

शब्दही वाटेत बदलले. चौथ्या दिवशीचे पक्षी मूळचे ‘कॉली’, म्हणजे कोळशासारखे काळे. १९०९मध्ये फ्रेडरिक ऑस्टिन यांनी आज आपण गातो ती चाल छापली, तेव्हा ते ‘कॉलिंग’ म्हणजे साद घालणारे झाले. पाचव्या दिवशीच्या सोन्याच्या अंगठ्या म्हणजे गळ्याभोवती कडं असलेले फेझंट पक्षी असावेत, असं काहींना वाटतं, कारण त्यांच्या आगेमागे सगळे पक्षीच आहेत.

आणि तितर? तो तर मुख्यतः जमिनीवर वावरणारा पक्षी. लखनऊला त्याची ओळख नवी नाही. नवाबी काळात इथे बटेर आणि तितर झुंजवण्याचा शौक होता. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुज़िश्ता लखनऊ’मध्ये त्याबद्दल लिहिलं आहे. मग हा तितर झाडावर कसा चढला? एक तर्क असा: फ्रेंचमध्ये तितराला ‘पेर्द्री’ म्हणतात आणि इंग्रजी कानाला ते ‘पेअर ट्री’सारखं ऐकू येतं. हाही तर्कच, पण गमतीचा.

मराठी घराला हा खेळ परका वाटू नये. आपल्या भोंडल्यात पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकेक वाढ होते. हादग्याच्या सोळा दिवसांत एकूण १३६ गाणी होतात. त्यातल्या कित्येक शब्दांचा अर्थ आज सांगता येत नाही, म्हणून फेर थांबत नाही. पाठ करत, चुकत, हसत एकत्र गाणं हाच त्याचा अर्थ. नाताळच्या या गाण्याचाही तोच असावा.

कुणाला तितरात येशू दिसत असेल तर जरूर दिसू दे. नवा अर्थ लावायला बंदी नाही. फक्त मुलांना सांगताना ‘आम्ही असा अर्थ लावतो’ असं म्हणावं, ‘हाच इतिहास आहे’ असं नाही. एवढा फरक कळलेलं मूल पुढे कुठलाही संदेश डोळे मिटून पाठवणार नाही.

आज जेवणानंतर खेळून पाहा. पहिल्या दिवशी मलिहाबादच्या आंब्यावर बसलेला तितर, दुसऱ्या दिवशी रेवड्यांचे दोन पुडे, तिसऱ्या दिवशी चिकनकारीचे तीन कुर्ते... पुढचं घरातल्या प्रत्येकाने जोडायचं. आणि छोट्यांसाठी एक हिशोब: मूळ गाण्यात, दर दिवशी पुन्हा येणारी प्रत्येक भेट धरून, बारा दिवसांत एकूण किती भेटी होतात?

उत्तर ३६४. वर्षाला फक्त एक दिवस कमी!