दोन लाख पॉइंट मोठे की एकशे साठ?

गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या सहभोजनात दोन कुटुंबांमध्ये एक गमतीचा वाद रंगला. एकांकडे क्लब विन्डहॅमचे दोन लाख पॉइंट, दुसऱ्यांकडे डिस्ने व्हेकेशन क्लबचे अवघे एकशे साठ. मुलांच्या लेखी निकाल केव्हाच लागला होता. मोठ्यांनी मात्र आम्हां उभयतांना गाठले : "हिशेबाचे सदर तुम्ही लिहिता, तुम्हीच सांगा, जास्त कोणाकडे आहे?" हातात ताट होते, ते निमित्त करून आम्ही उत्तर पुढे ढकलले. ते आज देत आहोत.

आधी एक कबुली. सहा वर्षांपूर्वी ऑरलँडोत आम्हीही एका कंपनीच्या न्याहारीला बसलो होतो. स्वस्त तिकिटांच्या बदल्यात नव्वद मिनिटे द्यायची होती. चार तास गेले. विक्रेत्याने कागदावर दोन रकाने आखले, एकात 'भाडे' आणि दुसऱ्यात 'मालकी', आणि विचारले की आपण जन्मभर भाडेकरूच राहणार का? तो प्रश्न त्याने दिवसातून दहा जणांना विचारला असेल. आम्हांला तो निराळ्या ठिकाणी लागला. आमच्या आजोबांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती; वडिलांचे आयुष्य चाळीतल्या एका खोलीत गेले. परदेशात, दस्तऐवजावर, आपले नाव मालक म्हणून लागणार या कल्पनेनेच आमची लेखणी सही करून मोकळी झाली. आपल्यापैकी अनेकांच्या सह्या याच शब्दावर झाल्या असाव्यात, असा आमचा समज आहे. पण सातबाऱ्यावर नाव लागणे आणि खात्यावर पॉइंट जमा होणे यांत मोठे अंतर आहे.

पॉइंट हे चलन आहे आणि प्रत्येक कंपनीची टांकसाळ वेगळी आहे. विन्डहॅममध्ये वार्षिक देखभाल-शुल्कच मुळी दर हजार पॉइंटांमागे आकारतात. डिस्नेत ते एकेका पॉइंटामागे, आणि तेही कित्येक डॉलर. म्हणून दोन लाख आणि एकशे साठ यांची तुलना करणे म्हणजे रुपया आणि कुवेती दिनार यांच्या नोटा मोजून श्रीमंती ठरवणे होय. चलनाचे मोल त्यातून काय विकत घेता येते यावर जोखावे, ही गोष्ट बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (१९२३) वाचलेल्यांना नवी नाही. नावांचा घोळ तर विचारूच नये. मॅरियट व्हेकेशन क्लबचे पॉइंट आणि मॅरियट बॉनव्हॉयचे पॉइंट ही दोन स्वतंत्र चलने आहेत. हिल्टन ग्रँड व्हेकेशन्स आणि हिल्टन ऑनर्स यांचेही तसेच. एकातून दुसऱ्यात बदल करता येतो, पण बॉनव्हॉयच्या एका पॉइंटाचे मोल सर्वसाधारणपणे एका सेंटहूनही कमी भरते, हे बदल करण्यापूर्वी ध्यानी असावे.

तेव्हा पॉइंट विसरावेत आणि डॉलर व रात्री एवढेच मोजावे. पुढील आकडे समजुतीसाठी मानलेले आहेत. आपापल्या बिलावरचे त्यांच्या जागी घालावेत. समजा, दोन लाख पॉइंट कंपनीकडून तीस हजार डॉलरना घेतले. पंधरा वर्षांवर वाटले तर वर्षाला दोन हजार. देखभाल-शुल्क अठराशे. एकूण ३,८०० डॉलर, आणि त्यात दोन शयनगृहांच्या घरात सात रात्री. म्हणजे रात्रीला सुमारे ५४३ डॉलर. कर्जावरील व्याज यात धरलेलेच नाही, आणि कंपनीच्या कर्जाचा दर बहुधा दोन आकडी असतो. आता डिस्नेचे एकशे साठ पॉइंट एखाद्या जुन्या सदस्याकडून वीस हजारांना घेतले. सोळा वर्षांवर वाटून साडेबाराशे, शुल्क पंधराशे, एकूण २,७५० आणि सात रात्री : सुमारे ३९३ डॉलर. पण ही खोली स्टुडिओ आहे. भारतातून आजी-आजोबा आले की स्वस्ताई संपली.

खरी मौज पुढे आहे. तेच दोन लाख पॉइंट कंपनीऐवजी कंटाळलेल्या एखाद्या सदस्याकडून पाचशे डॉलरना घेतले असते तर? रात्रीचा खर्च ५४३ वरून सुमारे २६२ वर येतो. घर तेच, तारखा त्याच. पाचशे हा आकडा आम्ही उदारपणे धरला; ईबेवर कित्येक टाइमशेअर एका डॉलरला विक्रीस असतात. डिस्नेचे पॉइंट पुनर्विक्रीत बरीच किंमत टिकवून धरतात, हा त्यांचा मोठा गुण. मात्र अशा खरेदीला अटी चिकटतात. विन्डहॅममध्ये पुनर्विक्रीचे पॉइंट व्हीआयपी दर्जासाठी धरत नाहीत. डिस्नेच्या मूळ चौदा रिसॉर्टांचे पॉइंट १९ जानेवारी २०१९ नंतर असे घेतले असतील, तर रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टात ते चालत नाहीत. आमच्या मते या अटींसाठी हजारो डॉलर अधिक मोजावेत असे नाही. शेवटी आणखी एक रकाना भरावा : त्याच तारखांना तीच खोली रोखीने, किंवा एखाद्या सदस्याचे पॉइंट भाड्याने घेऊन, कितीला मिळते?

तारखांचा मुद्दा शाळकरी मुले असणाऱ्यांसाठी निर्णायक आहे. विक्रेता दाखवतो तो आठवडा बहुधा सप्टेंबरातला असतो. आपण निघणार नाताळात नाही तर वसंताच्या सुटीत, तेव्हा त्याच खोलीला कितीतरी अधिक पॉइंट लागतात. शिवाय जागा आधी धरावी लागते. डिस्नेत स्वतःच्या मूळ रिसॉर्टसाठी अकरा महिने, इतर ठिकाणी सात महिने आधी. विन्डहॅममध्ये तेरा आणि दहा. ज्यांची रजा जानेवारीत मंजूर होते, त्यांनी डिसेंबरची खोली कशी धरावी?

आणि मुदत. डिस्नेचे अनेक जुने करार २०४२ मध्ये आपोआप संपतात. विक्रेते हा दोष मानतात, आम्हांला ती सोय वाटते. इतरत्र कितीतरी दस्तऐवज कायमस्वरूपी असतात. ज्यांचे ग्रीन कार्ड वर्षानुवर्षे रांगेत आहे, ज्यांना नोकरी जाताच काही आठवड्यांत देश सोडावा लागू शकतो, त्यांनी संपत नसलेल्या शुल्काखाली सही करणे आम्हांला धाडसाचे वाटते. नागपूरला परतलो तरी बिल येतच राहते.

आमची स्वतःची सुटका कायद्याने झाली. फ्लोरिडात सही केल्यापासून, किंवा शेवटची आवश्यक कागदपत्रे हाती पडल्यापासून, जे नंतर घडेल तेथून दहा दिवस करार रद्द करता येतो. वरचा हिशेब आम्ही आठव्या रात्री मांडला आणि नवव्या दिवशी पोचपावतीच्या टपालाने पत्र धाडले. नेव्हाडात ही मुदत पाच दिवसांची आहे, कॅलिफोर्नियात सात, ब्रिटनमध्ये चौदा.

राहिले ते दोन कुटुंबांचे उत्तर. गेल्या महिन्यात दोघांनाही बिले घेऊन बोलावले. एकशे साठवाले दरवर्षी न चुकता गेले होते. दोन लाखवाल्या दादांच्या वहीत मात्र दोन वर्षे कोरी निघाली. वडील आजारी, चारही आठवड्यांची रजा गावी संपली आणि पॉइंट मुदतीअंती गेले. प्रत्यक्ष झोपलेल्या रात्रींनी भागल्यावर त्यांचा आकडा इतका वर गेला की वहिनींनी वही मिटली. विन्डहॅमसह काही कंपन्या सदस्याला स्वतःहून बाहेर पडण्याची वाट देतात, पण कर्ज आधी फिटलेले लागते. दादांचे अकरा हप्ते उरले आहेत. ते फेडून अर्ज करायचे ठरले. त्याच संध्याकाळी त्यांना एक फोन आला : पाच हजार डॉलर आगाऊ भरा, आम्ही तुम्हांला टाइमशेअरमधून सोडवतो. वहिनींनी तो दादांच्या हातून घेतला आणि बंद केला.