आज कोणता घोडा? पुण्याच्या रेसकोर्सवरील एक जुना वाद

मुंबईत पाऊस कोसळू लागला की महालक्ष्मीचे घोडे पुण्यास येतात आणि लष्कर भागातील रेसकोर्स जागे होते. हे मैदान 1830 चे. 1883 मधील महालक्ष्मीहून अर्धशतकाने जुने.

‘आज कोण जिंकणार?’ हा प्रश्न अनेकजण नशिबावर सोडतात. येथील पुष्कळ शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या असतात: ज्या घोड्याची कामगिरी उजवी, त्याच्या पाठीवर वजन अधिक. हँडिकॅपर साऱ्यांना एका पातळीवर आणू पाहतो. जाणकार त्याच्या हिशेबातील फट शोधतो. पावसाने मैदान जड झाले असेल आणि पल्ला 2000 मीटरचा असेल, तर सर्वाधिक वजन वाहणाऱ्या लाडक्या घोड्याऐवजी हलक्या वजनाचा, मागील शर्यतीत अखेरच्या टप्प्यात पुढे सरकलेला घोडा निवडावा.

अशी पारख या मुलखास नवी नाही. भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांनी दौडी केल्या. त्या काळी अंगावरील भोवरे पाहूनही घोडा शुभ की अशुभ ते ठरे. (भोवऱ्यांवरून वेग कसा कळावा? छाती आणि पाय पाहणारेच खरे पारखी.)

1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. करव्यवस्थेने मात्र ती लॉटरीच्याच रांगेत बसवली आणि 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचा दर 28 वरून 40 टक्क्यांवर नेला. वजने मांडून निर्णय घेणाऱ्यास आणि डोळे मिटून तिकीट काढणाऱ्यास एकच मापदंड लावणे अन्यायाचे आहे.