डजन सरांची दक्षिणा

अलाहाबादच्या युइंग ख्रिश्चन कॉलेजात विनफिल्ड डजन नावाचे अमेरिकन प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकवीत. त्यांच्या एका विद्यार्थ्याला गुरुदक्षिणा द्यायची होती. डजन यांनी मागितले ते एवढेच: मी तुझ्यासाठी जे केले, ते तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर.

तो विद्यार्थी म्हणजे पंचानन महेश्वरी.

१९४९ साली ते दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून आले. कुलगुरू मॉरिस ग्वायर तेव्हा विज्ञान शाखांसाठी चांगली माणसे हेरून आणत होते. महेश्वरींचा विषय भ्रूणविज्ञान, म्हणजे फुलात बी कसे धरते याचा अभ्यास. त्यात घाई चालत नाही. कळी मेणाच्या ठोकळ्यात बसवायची, मायक्रोटोमवर तिचे पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते कागदावर हाताने रेखाटायचे. या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १९५० साली आला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर गेला.

पण एकाच वाटेवर विद्यार्थ्यांना घोळवत ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते. विभागात त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे वनस्पतीचे भाग परीक्षानळीत पोषकद्रव्यावर वाढवण्याचे, काम सुरू केले. अफूची बीजांडे परीक्षानळीत ठेवून त्यांच्यावर थेट परागकण टाकले, तर बी धरेल का? कुसुम कांता, रंगस्वामी आणि महेश्वरी यांनी ते करून दाखवले. १९६२ साली 'नेचर'मध्ये तो लेख छापून आला.

दोनच वर्षांनी धोतऱ्याची पाळी आली. आपण शंकराला वाहतो त्या धोतऱ्याच्याच भाऊबंदांतली एक जात. विभागातल्या शिप्रा गुहा यांनी तिच्या कळ्यांमधले परागकोश पोषकद्रव्यावर ठेवले होते. काही आठवड्यांनी त्यांतून चक्क भ्रूण डोकावू लागले! परागकणातून उगवलेल्या रोपात गुणसूत्रे निम्मीच असतात. ती दुप्पट केली की शुद्ध वाण एका पिढीत हाती येतो. एरवी त्यासाठी सहा-सात पिढ्या थांबावे लागते. जगभरच्या पीकपैदासकारांनी हे तंत्र उचलले.

या शोधाच्या १९६४ सालच्या लेखावर नावे दोनच आहेत, शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी. विभागप्रमुख पंचानन महेश्वरींचे नाव त्यावर नाही. विद्यार्थ्याच्या प्रत्येक लेखावर मार्गदर्शकाचे नाव डोळे झाकून चढवणाऱ्यांनी हा लेख एकदा जरूर काढून पाहावा.

१९६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने पंचानन महेश्वरींना फेलो म्हणून निवडले. पुढच्याच वर्षी, १८ मे १९६६ रोजी, ते गेले. वय अवघे ६१.

शिप्रा गुहा-मुखर्जी पुढे दिल्लीतच, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, प्राध्यापक झाल्या.